कार्तिकात आलेला पाट

रत्नागिरीत तुम्ही मातीत हात घातलात की तुम्ही गणपती करणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मी शिक्षण संपवून परत आले, मागच्या पडवीत चाक बसवलं, अंगणाच्या कोपऱ्यात गॅसची भट्टी उभी केली आणि पुढच्या खोलीच्या दारावर 'समुपदेशन व मानसोपचार' असा बोर्ड लावला. बोर्डाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. टेम्पोतून मातीची पोती उतरली ती मात्र अख्ख्या आळीने पाहिली. आषाढ लागला आणि पहिले गृहस्थ दारात हजर झाले. बगलेत लाकडी पाट.

आमच्याकडे बहुतेक घरांत गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, त्या पाटावरच मूर्ती घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी येते. तेव्हा पाट घेऊन दारात आलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी म्हटलं, "काका, मी गणपती नाही करत. मी कप करते, बरण्या करते, फुलदाण्या करते."

त्यांनी माझ्याकडे आणि मग चाकाकडे पाहिलं. "एवढं शिकलीस नि कप करतेस?" ते म्हणाले. "गणपतीचं नाय काय शिकवलं तिथे?"

पण पाट घेऊन घाटी चढून आलेला माणूस लगेच परत फिरत नाही. पाणी होतं, चहा होतो, पाट मांडीवर घेऊन तो पडवीत टेकतो. मग इकडचं तिकडचं निघतं. आणि उठता उठता आवाज खाली जातो. "बाहेर तो बोर्ड आहे, तो तुझाच काय? नाही, आमच्या सुनेला हल्ली झोप येत नाही." त्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या बहुतेक पेशंटांची ओळख अशी पाटावरून झाली. पुढच्या वर्षी तर गंमतच झाली. मी गणपती करत नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, तरी लोक पाट घेऊनच येत. कारण बगलेत पाट असलेल्या माणसाला वाटेत कोणी विचारत नाही, कुठे निघालात म्हणून. मनाच्या डॉक्टरणीकडे जायला याहून सभ्य आडोसा कुठला मिळणार? माझी आई कंटाळून म्हणायची, "एवढे पाट येतायत तर कर की एखादा गणपती. पाप नाही लागणार." मी डॉक्टर नाही, हे सांगणंही मी केव्हाच सोडून दिलं होतं.

दोन कामं एकत्र करू नकोस, असं मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं. मातीकाम शिकवणारे माझे सर म्हणायचे, लोकांची दुःखं ऐकून हात जड होतात. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणायच्या, छंद म्हणून ठीक आहे, पण व्यवसायाशी गल्लत नको. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मला हवं तेच केलं. हट्टी आहेच मी. आमच्या जांभ्याच्या लाल धुळीचं आणि आंब्याच्या फांद्यांच्या राखेचं मी एक ग्लेझ बसवलं. भांड्यावरचा तो काचेसारखा थर कधी तपकिरी होतो, कधी खाडीच्या पाण्यासारखा हिरवा. तो बसेपर्यंत कित्येक भट्ट्या वाया गेल्या आणि आईने प्रत्येक वाया गेलेल्या भांड्यात तुळस, ओवा, कोरफड असं काहीबाही लावलं. पुढे पुण्याच्या प्रदर्शनात माझे उभे कलश पहिल्याच दिवशी संपले. मी तिथे मध्यभागी उभी राहून लोकांना सांगत होते की हा रंग रत्नागिरीचा आहे, दुसरीकडे मिळायचा नाही. फुशारकीच होती ती. पण ती मला छान अंगाला बसली होती.

तरी माझ्या सगळ्या कामात मला जर कशाचा सर्वांत जास्त अभिमान असेल, तर तो कुठल्या कलशाचा नाही. तो एका शिमग्याचा आहे. ज्याची ती गोष्ट त्या माणसाला विचारून, त्याचं गाव आणि बाकीच्या खुणा पुसून मी हे लिहिते आहे. लिहा म्हणाला.

कार्तिकातली गोष्ट. तुळशीची लग्नं नुकतीच झाली होती. सत्तरीच्या एक आजी फाटक उघडून आल्या, बगलेत पाट. मला हसूच आलं. "आजी, गणपती आत्ताच गेले की हो," मी म्हटलं.

"माहीत हाय गो बाय," त्या म्हणाल्या. "पण हातात कायतरी हवं ना."

फाटकाबाहेर रिक्षाशेजारी त्यांचा मुलगा उभा होता. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, पण शर्ट अंगावर लोंबत होता. तो आत आला आणि बसला. बोलल्या त्या आजीच. आमच्याकडे असंच असतं. ज्याचं दुखतं तो बसून राहतो आणि त्याचं सगळं दुसराच कोणीतरी सांगतो. त्यांचं गाव राजापूरकडचं. मुलगा बरीच वर्षं बोटीवर, इंजिनच्या कामाला. पावसाळ्याआधी त्याच्या बोटीच्या इंजिनरूममध्ये आग लागली होती. हा वाचला, घरी आला, पण तेव्हापासून त्याला जाळ म्हणून दिसलेला चालत नव्हता. गॅस पेटला की तो घराबाहेर. आंघोळ गार पाण्याने. बायकोने देवापाशी निरांजन लावलं तरी तो उठून अंगणात जायचा.

"देवानं वाचवला बघ माझ्या पोराला," आजी म्हणाल्या. मुलगा खाली जमिनीकडे बघत राहिला.

पण त्यांना खरी काळजी लागली होती ती शिमग्याची. त्यांच्या गावात शिमग्याचा होम, म्हणजे गावची होळी, पेटवायचा मान त्यांच्या घराकडे. आजेसासऱ्यांच्याही आधीपासूनचा. आजींचे यजमान गेले तेव्हा मुलगा बोटीवर होता, अग्नी चुलतभावाने दिला. त्यानंतरच्या शिमग्याला वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून होमही चुलत घरानेच लावला. आता यंदाही ह्याच्या हातून लागला नाही, तर मान तिकडे गेला तो कायमचाच. गावकीत तसं बोलणं सुरूही झालं होतं. बाहेरच्या माणसाला हे एवढंसं वाटेल. आम्हाला नाही वाटत. मानावरून आमच्याकडे सख्खे भाऊ पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत.

मी म्हटलं, "आजी, शिमग्यापर्यंत होईलच असं मी नाही सांगू शकत."

"तसं कोण मागतंय तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तू नुसतं त्याला बस म्हण."

तो पुढच्या आठवड्यापासून एकटा येऊ लागला, सकाळची एसटी पकडून. पुढच्या खोलीत समोरासमोर बसून मी विचारायची आणि तो उत्तर द्यायचा. झोप? बरी आहे. भूक? बरी आहे. घरात कसं चाललंय? बरं चाललंय, मॅडम. असल्या बऱ्याला मी ओळखते. मी त्याला उठवून मागे पडवीत नेलं आणि समोर मातीचा गोळा ठेवला. माती मळली की मनातलं दुःख बोटांतून झिरपून जातं, असं बऱ्याच लोकांना वाटतं. लोक मला तसं कौतुकाने सांगतातही. या गृहस्थाने तो गोळा हातात घेतला, चांगला गुळगुळीत केला आणि परत होता तिथे ठेवला. त्याला मातीत काडीचाही रस नव्हता. मात्र त्याची नजर पुन्हा पुन्हा अंगणातल्या भट्टीकडे जात होती. भट्टी त्या दिवशी गार होती.

"जवळ जाऊन बघायचीय?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बंद आहे ना?"

तिथून आमचं काम सुरू झालं. आधी गार भट्टीत भांडी मांडायला तो मदत करू लागला. मग भट्टी लावायच्या दिवशी मी त्याला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि सांगितलं, "ही कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. मी काही बोलणार नाही." त्याने ती फाटकाजवळ ठेवली, एक पाय रस्त्यावर राहील अशी. आई म्हणाली, हा माणूस पाहुणा आहे की राखणदार? पुढच्या भट्टीला खुर्ची विहिरीपाशी आली. त्याच्या पुढच्या वेळी पेरूच्या झाडाखाली. घाबरतो त्याला आगीपाशी ओढून नेण्यात काही अर्थ नसतो. आपली खुर्ची आपण पुढे सरकवली, हे त्याचं त्याला दिसावं लागतं. तो दुपारपर्यंत बसायचा, छातीत धडधडलं की सांगायचा, मग आम्ही दोघे ती धडधड उतरेपर्यंत थांबायचो. घरी त्याने चहा स्वतः करून पाहिला, असं पौषात त्याच्या बायकोने मला फोनवर सांगितलं. उतू गेला, पण केला. मी फोन ठेवला आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. मला वाटलं, जिंकलं आपण.

मग संक्रांतीच्या सुमारास एका दिवशी तो नेहमीपेक्षा लवकरच्या एसटीने आला. एरवी तो यायचा तेव्हा भट्टी चांगली तापलेली आणि दार लावलेलं असायचं. त्या दिवशी मी नुकती पेटवत होते. सुरुवातीला बराच वेळ बारीक जाळावर दार किलकिलं ठेवावं लागतं, भांड्यांतला उरलासुरला ओलावा निघून जायला. तो पेरूच्याही पुढे खुर्ची घेऊन बसला. फटीतून जाळ सरळ दिसत होता आणि तो त्याकडे बघतही होता. आमचं आंब्याच्या मोहोरावर बोलणं चाललं होतं, यंदा थंडी टिकेल की नाही वगैरे. ओलावा गेला तशी मी उठले, भट्टीचं दार लोटलं आणि कडी घातली.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. वळून पाहते तर तो फाटकाबाहेर पोचलासुद्धा होता.

मी तिथेच उभी राहिले. जाळ त्याने पाहिला होता, मघापासून पाहत होता. तो पळाला तो जाळ डोळ्यांआड गेल्यावर, दार लागल्यावर. इतके आठवडे आम्ही आगीच्या मागे लागलो होतो आणि माझ्या हातात होती ती कडी. मी कडी काढली, दार सताड उघडलं, गॅस बंद केला आणि त्याच्या मागे गेले. तो रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला धरून उभा होता.

मी एवढंच म्हटलं, "दार."

त्याने मागे वळून उघड्या फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दार मी लावलं."

तिथे रस्त्यावरच त्याने सगळं सांगितलं. इंजिनरूमला आग लागली आणि ती हातात राहिली नाही, की सगळ्यांनी बाहेर यायचं, दारं बंद करायची आणि आत विझवणारा गॅस सोडून आग कोंडून मारायची, असा बोटीवरचा नियम. त्याची तालीम झालेली असते. हुकूम आला. सगळे बाहेर आले असं कळलं. दाराशी हा होता, याने दार ओढून घेतलं आणि घट्ट केलं. त्याच्या पाळीतला एक सोबती दुसऱ्या बाजूने वर आला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. तो आला नव्हता. चौकशी झाली, याचा काही दोष निघाला नाही. कागदावर तसं लिहूनही मिळालं. घरी मात्र याने फक्त आग लागली एवढंच सांगितलं होतं. आईला नाही, बायकोला नाही, दाराचं कोणालाच नाही.

"आई रोज म्हणते, देवाने वाचवला," तो म्हणाला. "रोज म्हणते."

माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी तो लपवला नाही. तुमचा दोष नाही, असंही मी म्हटलं नाही. ते त्याला चौकशीवाल्यांनी सांगून झालं होतं, त्याचा उपयोग झाला असता तर तो राजापूरहून माझ्याकडे कशाला आला असता? मी आतून दोन खुर्च्या आणल्या, आम्ही कुंपणाच्या सावलीत बसलो आणि मी त्या सोबत्याविषयी विचारलं. कसा होता, काय खायचा, काय गमती करायचा. संध्याकाळच्या एसटीपर्यंत तो बोलत होता. मध्ये एकदा तो हसलाही, त्या माणसाच्या हातच्या खिचडीवरून. आग लागल्यापासून त्याने त्या सोबत्याचा विषय काढला नव्हता. भट्टीतली भांडी तशीच राहिली, पण त्या दिवशी मला त्यांची पर्वा नव्हती.

त्यानंतर आमचं काम बदललं. आग राहिली बाजूला. आम्ही दाराचं बोलत होतो, पुन्हा पुन्हा, तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत. कधी तो रागावायचा, माझ्यावरसुद्धा. एकदा म्हणाला, तुम्हाला काय कळणार बोटीवरचं. मी म्हटलं, काही कळत नाही, म्हणूनच विचारते. मग माघात, भट्टी लावायच्या दिवशी, तो आपणहून म्हणाला, "आज दार मी लावतो."

त्याने कोपऱ्यातली बॅटरी घेतली आणि भट्टीत वाकला. खालची फळी पाहिली, मधली पाहिली, वरची पाहिली. कलश, बरण्या, माझे कप, सगळ्यांच्या मागे उजेड टाकून पाहिला. मग सरळ उभा राहिला आणि मोठ्याने, बोटीवर देतात तशी वर्दी दिली.

"आत कोणी नाही."

मी म्हटलं, "कोणी नाही."

त्याने दार लोटलं आणि कडी घातली. घाम कानामागून वाहत होता, पण तो जागचा हलला नाही. आई मागच्या दारात भाजी निवडत बसली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तरी तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि आत जाऊन त्याच्यासाठी सरबत केलं.

शिमग्याला त्याच्या आईने मला बोलावणं पाठवलं. आमच्याकडे बऱ्याच गावांत होम सकाळी लागतो. मी पहिल्या एसटीने गेले. सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या गावच्या चौथऱ्यावर, देवाची पालखी आलेली, ढोल वाजत होते, मुंबईकर मंडळी नव्या टोप्या घालून आपापल्या भाऊबंदांत उभी. गवत आणि लाकडं रचलेला होम माणसाच्या दीडपट उंच होता. त्याच्या अलीकडे चुलतभाऊ उभा होता. पेटवायची चूड, म्हणजे सुक्या झावळ्यांची मोळी, त्याने आधीच आपल्या हातात धरून ठेवली होती. हा नाहीच आला पुढे तर, अशा तयारीने. गावाची अर्धी नजर त्या चुडीवर आणि अर्धी माझ्या पेशंटवर. तो पांढऱ्या सदऱ्यात, मला दिसला तेव्हा होमापासून बऱ्याच अंतरावर उभा होता. आजी माझा हात धरून उभ्या होत्या आणि बोटं दुखेपर्यंत आवळत होत्या.

ढोल थांबले. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. म्हणजे सगळ्या गावासाठी देवाकडे मोठ्याने मागणं. शेतं पिकू दे, गुरंढोरं राख, परमुलखात गेलेल्या लेकरांना सुखी ठेव. प्रत्येक मागण्याच्या शेवटी सगळा गाव एका आवाजात 'होय महाराजा' म्हणतो, की मागणं गावाचं झालं. गुरवाचं गाऱ्हाणं संपलं. आता होम लागायचा. आणि तेवढ्यात तो पुढे आला आणि म्हणाला, "गुरवकाका, माझं एक हाय."

गुरव थबकला. पण मानकऱ्याला नाही कोण म्हणणार? तो बाजूला झाला.

यातलं काहीही आमचं ठरलेलं नव्हतं. माझ्या खोलीत नाही, अंगणात नाही. त्याने पालखीकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा महाराजा," तो म्हणाला, "बोटीवर आग लागली तवा दार म्या लावलं. माझा सोबती आत ऱ्हायला. म्या आलो, तो नाय आला. त्याच्या पोराबाळांना सांभाळ, आणि त्याला तुझ्या पायाशी जागा दे, महाराजा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. असलं गाऱ्हाणं त्या गावाने कधी ऐकलेलं नव्हतं. आजींची बोटं माझ्या हातात ढिली पडली. आणि मग होमाच्या जवळून एकट्याचा आवाज आला, खणखणीत.

"होय महाराजा."

चुलतभाऊ होता तो. त्याच्या मागोमाग अख्खा गाव म्हणाला, मुंबईकर म्हणाले, बायका म्हणाल्या, मीही म्हणाले. मी त्या गावात कोणाचीच कोणी नव्हते, पण असं ओरडले की पुढे आठवडाभर माझा घसा बसला होता. चुलतभावाने पुढे होऊन चूड त्याच्या हातात दिली. त्याने ती निखाऱ्यावर पेटवली, होमाभोवती फेरी मारली आणि ती गवतात खुपसली. जाळ सरसर वर गेला, ढोल पुन्हा सुरू झाले, फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घालणाऱ्या पोरांनी कान बधिर केले. मी उभी राहून रडत होते आणि हसत होते. मला मनापासून वाटत होतं की माझ्याएवढं सुखी माणूस आज सगळ्या कोकणात नाही.

आजी माझा हात सोडून त्याच्याकडे चालत गेल्या. आता त्या काय म्हणतील, याची मला भीती वाटली. पोराला देवाने वाचवला, हे वर्षभर त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. त्यांनी त्याचा सदरा धरून त्याला स्वतःकडे वळवलं.

"नाव काय रे त्याचं?" त्यांनी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. त्यांनी ते स्वतःशी म्हणून पाहिलं आणि मग विचारलं, आई आहे का त्याची? तो सांगू लागला. होमाकडे पाठ करून, वाकून, ढोलांच्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन तो सांगत होता. ठिणग्या त्याच्या खांद्यांवर पडत होत्या, लोक झळ सोसवेना म्हणून मागे सरकत होते आणि आपण किती जवळ उभे आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता.